थांब म्हटलंस का

आमच्या रेल्वेचा इतिहास लिहायचं काम कंपनीने कृष्णनाथबाबांना दिलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. कृष्णनाथबाब म्हणजे खाणीच्या कचेरीतले हेडक्लार्क. माणूस सज्जन, अक्षर छापल्यासारखं, पण रेल्वे त्यांनी पाहिली ती कचेरीच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून. मी रुक्मिणी, त्या रुळांच्या कडेला तेहतीस वर्षं काढली. सतरा वर्षं डोक्यावर खनिजाची पाटी घेऊन आणि पुढची सोळा फाटकाजवळच्या माझ्या चहाच्या टपरीत. मला विचारलं असतं तर मी तो इतिहास एका दुपारी सांगून मोकळी झाले असते. पण पाटीवाल्या बाईला इतिहास कोण विचारतो?

गोवा घटक राज्य झालं त्या सालची, सत्त्याऐंशीची ही गोष्ट. मे महिन्यात आमची रेल्वे बंद व्हायची होती. रेल्वे म्हटलं की लोक मोठी गाडी डोळ्यांसमोर आणतात. आमची साडेतीन मैलांची. डिचोलीजवळच्या सर्वण गावामागच्या डोंगरातल्या खाणीत सुरू व्हायची आणि नदीच्या धक्क्यावर संपायची. धक्क्यावर माल बार्जीत ओतायचा, बार्ज मुरगावला जायची, तिथून मोठ्या बोटीत चढून आमचा डोंगर जपानला. ना स्टेशन, ना तिकीट. दीड हात रुंदीचे रूळ, आठ लोखंडी ट्रॉल्या आणि एक डिझेलचं इंजिन. त्या इंजिनाला सगळे भाटकान्न म्हणायचे, म्हणजे जमीनदारीण. कारण ती आली की माणसं, गुरं, सायकली, सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि ती मात्र कुणासाठी घाई करायची नाही.

पोर्तुगीज अमलात चौपन्न साली रूळ पडले तेव्हा इंजिनही नव्हतं. भरलेल्या ट्रॉल्या उतारावरून आपल्या वजनाने खाली यायच्या, मागे एक माणूस लाकडी दांड्याचा ब्रेक दाबून उभा. रिकाम्या झाल्या की बैल जोडून वर न्यायच्या. मी दोडामार्गाकडची, लग्न होऊन आले ती दुसऱ्याच महिन्यात पाटी घेऊन उभी राहिले. माझा घोव इथलाच, डिचोलीचा. नाव सगुण. आमच्यात बायका घोवाचं नाव घेत नाहीत, पण या गोष्टीत ते घेतलंच पाहिजे, कारण सगळं भांडण त्याच नावाचं आहे.

अठ्ठावन्न साली भाटकान्न आली आणि सगुण सांधेवाला झाला. धक्क्याजवळ सांधा बदलायचा आणि गाडी आत घ्यायची, हे त्याचं काम. हे काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धक्क्यावर जाताना इंजिन मागे असायचं आणि आठ भरलेल्या ट्रॉल्या पुढे ढकलायचं. ड्रायव्हरला पुढचं काही दिसायचं नाही, मध्ये मालाचे ढीग आणि वर काजूंचं वळण. बावटा दाखवला तरी तो बघणार कोण? म्हणून सगुण टोकाला, नदीच्या बाजूच्या आडव्या ओंडक्यापाशी उभा राहायचा आणि तोंडाने गाडी आत घ्यायचा. येव, येव, येव, म्हणायचा. ओंडका वीतभर अंतरावर आला की थांबवायचा. नारायण ड्रायव्हर होता तोवर तेरा वर्षांत एकदाही ट्रॉली ओंडक्याला लागली नाही. नारायण म्हणायचा, सगुणचा घसा हाच माझा ब्रेक.

आणि मग एकाहत्तर साल आलं.

पण त्याआधी कृष्णनाथबाबांचं सांगते. बंद होण्याच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी ते टपरीत आले. बाकावर बसले, उंडो पाव आणि चहा घेतला आणि पिशवीतून लांब लांब कागद काढले. म्हणाले, "रुक्मिणीबाय, रेल्वेचा इतिहास तयार झाला. रविवारी शेवटची गाडी, तेव्हा पुस्तिका सगळ्यांना वाटायची. शाळांतही देणार. शुक्रवारी म्हापशाला छापायला जाते. तुम्ही जुन्या, एकदा ऐका आणि काही राहिलं असेल तर सांगा."

वाचायला लागले. लांबी किती, टन किती, इंजिन किती ताकदीचं. मी भांडी घासत ऐकत होते. आम्हा बायकांचं एक वाक्य होतं, 'प्रारंभी मजुरांकरवी भरणा होत असे.' बरं म्हटलं, मजूर तर मजूर. आणि मग ते वाक्य आलं.

"सन एकोणीसशे एकाहत्तरच्या फेब्रुवारीत सांधेवाला सगुण याच्या गफलतीमुळे दोन ट्रॉल्या नदीत पडून बार्जीचे नुकसान झाले. चौकशीत त्याने स्वतः कबूल केल्याप्रमाणे, त्याने थांबण्याचा इशाराच दिला नव्हता. त्यास कामावरून दूर करण्यात आले. हा एक अपवाद वगळता रेल्वेचा इतिहास निष्कलंक आहे."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला, नाहीतर तो कृष्णनाथबाबांच्या कपाळावर गेला असता.

"निष्कलंक काय," मी म्हटलं. "म्हणजे आमचा घोव तेवढा कलंक."

"तसं नाही, बाय. पण रेकॉर्ड आहे. चौकशीला मी स्वतः होतो. मुंबईचे साहेब इंग्रजीत विचारायचे आणि मी मराठीत सांगायचो. सगुणने माझ्यासमोर कबूल केलं."

"माझी नात सिद्धी चौथीत आहे. तिच्या शाळेत ही पुस्तिका जाणार. बाई वर्गात वाचायला लावणार. तिने आपल्या आजोबाचं नाव वाचायचं?"

कृष्णनाथबाब कागद घडी करत राहिले. वाईट त्यांनाही वाटलं, तोंडावर दिसत होतं. पण क्लार्क तो क्लार्क. म्हणाले, "वाटलं म्हणून इतिहास बदलता येत नाही. काही पुरावा असेल तर शुक्रवारी सकाळपर्यंत आणा. मी वाक्य बदलेन. शब्द देतो."

पुरावा कुठून आणू? त्या दिवशी चारचा चहा चालला होता. धक्क्यावरच्या बाया लांब फणसाखाली बसल्या होत्या, मी वर खाणीत होते. धक्क्यापाशी दोनच माणसं, टोकाला सगुण आणि मागे इंजिनात नवा ड्रायव्हर. नारायणचं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून घाटावरून, कऱ्हाडकडून, एक माणूस आणला होता. रंगराव त्याचं नाव. दोन दिवस नारायणच्या भावाने त्याला वर खाणीतच शेजारी बसून शिकवलं, तिसऱ्या दिवशी तो पहिल्यांदाच धक्क्यावर एकटा गाडी घेऊन आला आणि गाडी ओंडका मोडून पुढे गेली. माणूस कोणी दगावला नाही, एवढीच देवाची कृपा. चौकशीत रंगराव म्हणाला, सांधेवाल्याने मला बोलावलं म्हणून मी पुढे आलो. सगुण म्हणाला, मी थांब म्हटलं नाही. दोघांचं जुळलं, कागद बंद झाला.

आणि खरं सांगायचं तर ते मलाही पटलं होतं. जगाशी मी भांडले. टपरीत कुणी सगुणचं नाव काढलं की उकळता चहा दाखवायचे. पण मनात मला वाटायचं, ह्याचीच चूक असणार. कुठे तरी बघत उभा राहिला असेल, तंद्री लागली असेल. घरी आला त्या दिवशी तो एवढंच म्हणाला होता, "मी थांब म्हणायला हवं होतं." त्यानंतर तोंड उघडलं नाही. तीन वर्षं मुरगावच्या बंदरात हमाली केली, मग परत येऊन लोकांच्या बागायतींत राबायला लागला. सोळा वर्षं मी त्याला विचारलं नाही की बाबा, त्या दिवशी झालं काय. कारण उत्तर ऐकायची मला भीती वाटत होती. ही माझी चूक, ती मी कबूल करते.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून बदलली होती. सगुण प्रत्येकाला 'थांब' म्हणायचा. बसला थांब, पाववाल्या पोदेराला थांब, गाईला थांब. गाईला तो शब्द काय कळणार, ती आपली चालत राहायची आणि हा मागून थांब, थांब करत पळायचा. शेजारी चिडवायचे, सगुण काय शाळामास्तर झाला की काय. मीही हसायचे. डोक्यात काही प्रकाश पडला नाही. एवढी मी शहाणी.

गुरुवारी सकाळी मी टपरीची जमीन सारवली. रविवारी माणसं येणार, म्हणून पुढचा ओटाही शेणाने मस्त हात फिरवून गुळगुळीत केला. हात धुवायला वळले तर रस्त्यावरून एक पांढरी टोपी, पांढरा पायजमा येताना दिसला. जवळ आला तेव्हा ओळखलं. रंगराव. नारायण वारला, नंतरचा ड्रायव्हरही नुकताच वारला, म्हणून रविवारची शेवटची गाडी चालवायला कंपनीने याला पत्र घालून बोलावलं होतं. अपघातानंतरचा तो हंगाम संपवून तो जो गावी गेला, तो आता साखर कारखान्यात ट्रॅक्टर चालवून म्हातारा होऊन आला होता. माझं डोकं भणभणलं. ज्याच्यामुळे माझ्या माणसाची भाकरी गेली, तो हसत हसत टपरीकडे येतोय.

त्याचा पाय ओल्या ओट्यावर पडणार एवढ्यात मी ओरडले, "राव, राव, राव!"

तो तसाच आला. सरळ ओट्यावरून, माझ्या सारवणातून चांगली पाच पावलं उमटवत आला आणि हात जोडून म्हणाला, "आलो, आलो. बोला वहिनी."

मी खाली पावलांकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"मी काय म्हटलं तुम्हाला?"

"राव म्हणालात की."

"म्हणजे काय?"

तो बावरला. "म्हणजे... राव. मला सगळे रावच म्हणतात. आमच्याकडं मानानं म्हणतात तसं."

आमच्याकडे, कोकणीत, राव म्हणजे थांब. इथल्या मातीत जन्मलेलं कुणीही, पोर असो की गाय, राव म्हटलं की जागेवर उभं राहतं. थांब हा शब्द आम्हाला येत नाही असं नाही, पण तो पुस्तकातला, मास्तरांचा. घाईत, भीतीत, पोटातून जो शब्द येतो तो राव. मी त्याच ओल्या ओट्यावर बसले.

"रंगराव," मी म्हटलं, "त्या दिवशी धक्क्यावर तुम्हाला काय ऐकू आलं? खरं सांगा."

तो टोपी काढून समोर उकिडवा बसला. "खोटं कशाला सांगू, वहिनी? सोळा वर्षं डोक्यातनं गेलं नाही ते. सगुणभाऊ हाका मारत होते मला. राव, राव, राव. नवीन माणूस मी, मुलूख परका, तोवर मला सगळे ए घाटी म्हणत होते. पहिल्यांदा कुणीतरी मानानं हाक मारली. मला वाटलं घाईचं काम असंल, बोलावतायत. मी आपला हँडल पुढं दाबला. आणि मग साहेबांपुढं त्यांनीच सांगितलं, थांब म्हटलं नाही म्हणून. मला आजवर कळलं नाही, भाऊंनी मला पुढं कशापायी बोलावलं."

"पण तुम्ही इथे तो हंगाम काढलात. तेवढ्यात हा शब्द कानावर आला नाही?"

"दुसऱ्या दिवसापासनं कंपनीनं शिट्ट्या दिल्या. एक शिट्टी चल, दोन शिट्ट्या थांब. बोलायचं कामच राहिलं नाही. राहायला आम्ही घाटावरचे सगळे एका खोलीत."

मी त्याला चहा दिला. अर्धा बशीत सांडला. त्या माणसाला मी सोळा वर्षं शिव्या घातल्या होत्या, आणि तो मानाला भुलून पुढे आला होता. रागवायचं तरी कुणावर?

टपरी उघडी टाकून मी घरी गेले. सगुण माडाच्या चुडतांची झापं विणत बसला होता. मी दारातूनच विचारलं, "तुम्ही त्या दिवशी राव म्हणालात ना?"

त्याचे हात थांबले. कुठला दिवस, हे त्याने विचारलं नाही. "मग काय म्हणणार मगे?"

"मग साहेबाला ते सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं ते सांगितलं. थांब म्हटलंस का, असं विचारलं. थांब मी म्हटलं नव्हतं. खोटं कसं सांगू?" मग म्हणाला, "मला वाटलं कंपनीच्या नियमात थांब असेल लिहिलेलं. तोच शब्द पाहिजे. मी आपला घरचा शब्द वापरला, म्हणून गाडी थांबली नाही. चूक माझीच."

मला हसू येईना की रडू. देवाने मला एवढा सरळ माणूस दिला, की त्याच्या सरळपणाचीच त्याला शिक्षा झाली. मी त्याच्या शेजारी बसले आणि रंगरावचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मान दिला म्हणून आला?" आणि पुन्हा झाप विणायला लागला, पण पातं कुठलं कुठे घालत होता.

दुपारी मी रंगरावला घेऊन कचेरीत गेले. कृष्णनाथबाब व्हरांड्यातच भेटले, हातात फायली. मी आधी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाय, हा तुमचा अंदाज झाला. मी म्हटलं, "बाब, हे रंगराव, रविवारचे ड्रायव्हर. जरा यांना साहेबांची खोली दाखवा."

दोघं पुढे चालायला लागले, खांद्याला खांदा लावून. दहा पावलं जाऊ दिली आणि मी मागून मोठ्याने म्हटलं, "राव!"

कृष्णनाथबाब जागच्या जागी उभे राहिले. एक पाय उचललेला तो तसाच खाली आला. रंगराव पुढे चालत गेला, चार पावलं, पाच पावलं, आणि चालता चालताच मान वळवून म्हणाला, "काय वहिनी?"

व्हरांड्यात दोन शिपाई बसले होते, तेही उठता उठता थबकले होते. सगळा कारभार उभा आणि एकटा रंगराव चालतोय. कृष्णनाथबाबांनी त्याच्याकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माणूस हुशार. मला पुढे एक शब्द बोलावा लागला नाही.

खोलीत गेल्यावर त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली. कदेलवर, खुर्चीवर बसले आणि ते पान कितीतरी वेळ बघत राहिले. त्या वर्षी गोव्यात कोकणी की मराठी यावरून घराघरांत वाद पेटलेले. कृष्णनाथबाबही सभांना जाणारे. पण तिथे बसून त्यांचा आवाज अगदी खाली आला.

"साहेबांनी विचारलं होतं, याने गाडी थांबवायला सांगितलं का. मी ते मराठीत केलं. सगुणशी मी एरवी कोकणीत बोलायचो. पण साहेबांपुढे म्हटलं, शुद्ध बोलावं. मी विचारलं, थांब म्हटलंस का? तो नाही म्हणाला." त्यांनी चष्मा काढला. "मी राव म्हटलंस काय रे, असं विचारलं असतं तर..."

"तर तो हो म्हणाला असता," मी म्हटलं.

"ठीक आहे. मी ते वाक्य काढून टाकतो. पूर्ण परिच्छेदच काढतो. अपघाताचा उल्लेखच नको."

मला तिथे खरा राग आला. "काढायचं नाही. सोळा वर्षं लोकांनी ते वाक्य तोंडपाठ केलंय, ते तुमच्या पुस्तकातून गेलं म्हणून लोकांच्या तोंडातून जाणार आहे? जे झालं ते लिहा. शब्द दिलाय तुम्ही मला, वाक्य बदलेन म्हणून. काढेन म्हणून नाही."

"मग माझं नाव येईल, बाय."

"त्याचं आलं होतं ना?"

रंगराव दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता, तो म्हणाला, "माझंबी घाला साहेब. मानाला भुलला म्हणून लिवा." त्यावर कृष्णनाथबाबांना हसू आलं आणि त्यांनी पेन उघडलं. बराच वेळ खाडाखोड करत बसले. मग वाचून दाखवलं.

"सन एकोणीसशे एकाहत्तरच्या फेब्रुवारीत धक्क्यावर अपघात झाला. सांधेवाला सगुण याने गाडी रोखण्यासाठी वेळेत 'राव' असा पुकारा केला होता. परमुलखातून आलेल्या ड्रायव्हरास तो मानाचा शब्द वाटला. चौकशीत सगुणला जो प्रश्न विचारला गेला तो चुकीच्या शब्दांत विचारला गेला आणि त्याने त्याचे खरे उत्तर दिले. प्रश्न विचारणारा प्रस्तुत लेखकच होता. सगुणची कोणतीही चूक नव्हती."

मी त्यांना ते परत वाचायला लावलं. ते दुसऱ्यांदा वाचत असताना मी दाराबाहेर बघत राहिले. कचेरीत रडायची मला सवय नाही.

रविवारी सकाळी शेवटची गाडी. सगळा गाव लोटला होता. टिपर ट्रकांचे मालकही आले होते, आता सगळा माल त्यांच्याकडे जाणार होता. भाटकान्नला झेंडूच्या माळा घातल्या, वाटेत राखणदाराच्या घुमटीपाशी दर हंगामाला थांबायची तशी ती थांबली, नारळ ठेवून गाराणं घातलं. पुस्तिका वाटून झाल्या. सिद्धीने ती माझ्या टपरीच्या बाकावर बसून मोठ्याने वाचली, आणि 'राव' आल्यावर खदखदून हसली.

सगुण येत नाही म्हणाला होता. गुरुवारी रात्री मी त्याला नवं वाक्य सांगितलं तेव्हाही नुसता 'बरं' म्हणाला होता. पण रविवारी धुतलेलं धोतर नेसून तो फाटकापाशी सगळ्यांच्या मागे येऊन उभा राहिला. रंगरावने इंजिनातून त्याला पाहिलं आणि खाली उतरला. गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "भाऊ, शिट्टी नको. तुम्ही घ्या गाडी आत. आता मला तुमची भाषा येती."

सगुणने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा की. वाट कसली बघता?"

तो खाली धक्क्याच्या टोकाला गेला, मागोमाग आम्ही सगळे. जुना ओंडका त्या अपघातात मोडला होता, त्या जागी लोखंडी पट्टी होती, तिच्यापाशी तो उभा राहिला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच, एक पाय पुढे, हात कमरेवर. वरच्या वळणावरून गाडी दिसायला लागली. आठ भरलेल्या ट्रॉल्या पुढे, इंजिन मागे.

"येव," सगुण म्हणाला. आवाज फाटला. त्याने खाकरून घसा साफ केला. "येव. येव. येव."

गाडी येत होती. मी बघत होते ते त्याच्या तोंडाकडे. सोळा वर्षं त्या तोंडातून तो शब्द गेला नव्हता. थांब म्हणाला असता तरी रंगराव थांबला असता, ते मला माहीत होतं. पण ते मला नको होतं. पहिली ट्रॉली पट्टीपासून पाच हातांवर आली, तीन हातांवर आली.

"राव."

मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात. ब्रेक करकरले, आठही ट्रॉल्या एकमेकींना टेकल्या आणि गाडी उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रंगराव इंजिनातून हात हलवत होता. कृष्णनाथबाब रुमालाने चष्मा पुसत होते. मी पळतच टोकाला गेले. सगुण वाकून पट्टी आणि ट्रॉली यांच्यात किती जागा उरली ते बोटांनी मोजत होता.

"वीतभर," तो म्हणाला. मग उभा राहून नदीकडे बघत म्हणाला, "आज एकदाच म्हणालो गो. त्या दिवशी नऊ वेळा म्हणालो होतो."